कोणता ‘क्वीन’ ऐकलास?

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. जेवणं झाली आणि आमचा ठरलेला विषय निघाला, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम. त्याच्या वयाच्या दुपटीहून अधिक वर्षं मी हे संगीत ऐकत आलोय, पण त्याचा कानही पक्का आहे, म्हणून त्याच्याशी वाद घालायला मला आवडतं. त्या रात्री गाडी पहिल्या अल्बमवर अडली. मी म्हणालो, गाणी जोरकस आहेत, पण रॉजर टेलरचे ड्रम फार कोरडे वाजतात, खोक्यावर काठी आपटावी तसे. तो चकित झाला. “मामा, कुठले ड्रम ऐकलेस तू? या अल्बमचे ड्रम तर छातीत घुमतात!” अर्धा तास आम्ही हटून बसलो. शेवटी त्याने फोन काढून अल्बम लावला आणि मी गप्प झालो. ड्रम खरंच घुमत होते. चौथ्या क्रमांकावर तर माझ्या माहितीच्या क्रमात नसलेलंच गाणं लागलं. मग चित्राखालचं नाव वाचलं, तेव्हा उलगडा झाला. तो ऐकत होता ‘क्वीन वन’, २०२४च्या ऑक्टोबरात नव्याने घडवून बाहेर आलेला. मी बोलत होतो १९७३च्या जुलैमध्ये निघालेल्या ‘क्वीन’बद्दल. दोघंही खरं बोलत होतो, पण दोन वेगळ्या वस्तूंबद्दल.

त्या रात्री आम्ही हसून विषय सोडला. नंतर मात्र मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. एका अल्बमबद्दल दोन माणसांचं मत वेगळं असणं ही तर रसिकतेची सुरुवात. पण वाद घालायलाही दोघांनी आधी एकच गोष्ट ऐकलेली असावी लागते. ती एकच गोष्ट आता आपल्या हातून निसटू लागली आहे, आणि आपण चाहते तिला स्वतःच्या हातांनी सोडतो आहोत.

आधी १९७३चे ड्रम तसे कोरडे का, ते सांगतो. लंडनच्या सोहो भागात ट्रायडंट नावाचा स्टुडिओ होता. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन या चौघांकडे त्या काळात पैसे नव्हते. त्यांचा करार स्टुडिओ चालवणाऱ्या मंडळींशीच झालेला होता, त्यामुळे स्टुडिओचे जे तास कुणी भाड्याने घेतलेले नसत, ते यांच्या वाट्याला येत. मोठे कलावंत काम आटोपून गेले की हे आत शिरत. ट्रायडंटची ड्रमची जागा लहान आणि आवाज शोषून घेणारी होती. ड्रमला चिकटपट्ट्या लावून त्याचा घुमारा मारायचा, ही त्या स्टुडिओची पद्धत. बँडला ती कधीच पटली नाही. ड्रम मोठ्या खोलीत असल्यासारखे वाजावेत असं त्यांचं म्हणणं, पण नवख्या पोरांचं ऐकतो कोण. ‘द नाइट कम्स डाउन’ हे गाणं ट्रायडंटमध्ये मनासारखं उतरलं नाही, म्हणून १९७१ साली डी लेन ली स्टुडिओत केलेलं नमुन्याचं ध्वनिमुद्रणच अल्बमवर घेतलं गेलं. ‘मॅड द स्वाइन’ हे गाणं निर्माते रॉय थॉमस बेकर यांच्याशी मिक्सिंगवरून मतभेद झाले आणि वगळलंच गेलं. ते लोकांपर्यंत पोचायला १९९१ उजाडलं.

म्हणजे तो अल्बम चौघांच्या मनातला नव्हता. उरल्यासुरल्या तासांत, दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या पद्धतीने जे होऊ शकलं ते त्यावर आहे. ब्रायन मे यांनी याबद्दलची खंत कित्येक वर्षं बोलून दाखवली. २०२४ साली त्यांनी आणि टेलर यांनी जुन्या टेप बाहेर काढून ड्रमना हवा तो घुमारा दिला, वगळलेलं गाणं चौथ्या जागेवर परत आणून बसवलं आणि अल्बमचं नावही बदललं. त्यांची तळमळ खरी आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्याने अंगठीच्या खड्याएवढ्या बारकाव्यांवर आयुष्य घालवलं, वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या लाकडातून स्वतःची गिटार घडवली, त्या माणसाला पन्नास वर्षं एखादा आवाज सलत राहिला असेल तर ते मी समजू शकतो. आणि नवं मिश्रण ऐकायला वाईट आहे असंही नाही. ‘लायर’मध्ये टेलरचे हात काय करत होते ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं ते याच आवृत्तीत.

तरीही मला काळजी वाटते, आणि तिचं कारण दुसऱ्या अल्बममध्ये आहे.

‘क्वीन टू’ १९७४च्या मार्चमध्ये आला. क्वीनचा सर्वांत मोठा अल्बम कोणता असं मला विचारलं, तर मी आजही हेच नाव घेईन, ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ क्षणभर बाजूला ठेवून. त्याच्या रेकॉर्डला पहिली आणि दुसरी बाजू नव्हती, पांढरी आणि काळी होती. पांढरी बाजू बहुतेक सगळी मे यांची, त्यात एक गाणं टेलर यांचं. काळी बाजू संपूर्ण मर्क्युरीची. त्या काळ्या बाजूवर गाणी एकमेकांत शिरतात. ‘ऑगर बॅटल’ संपता संपता रिचर्ड डॅडच्या चित्रावरून सुचलेलं ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ सुरू होतं, ते ‘नेव्हरमोर’मध्ये विरघळतं आणि मग ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ येतं. वेड्यांच्या इस्पितळात बसून नऊ वर्षं एकच चित्र रंगवणाऱ्या डॅडचा तो कोंदटलेला बारकावा मर्क्युरीने आवाजांच्या थरांत उतरवला आहे. हा अल्बम ऐकताना जाणवतं की ही माणसं बंद खोलीतून बाहेर पडली आहेत. आता त्यांना स्टुडिओचे स्वतःचे, नियमित तास मिळाले होते आणि ड्रम मोकळे झाले होते. मनात दोन वर्षं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं, जरा जास्तच आलं. समीक्षकांनी त्या अतिरेकावर टीकाही केली.

पण हा मोकळेपणा जाणवतो तो आधीचा कोंडमारा ऐकलेला असतो म्हणून. पहिल्या अल्बममध्येच ड्रम घुमायला लागले, तर दुसऱ्यातल्या त्या सुटकेला अर्थ काय उरतो? भाच्याला ‘क्वीन टू’ “पहिल्यासारखाच, थोडा जास्त भरगच्च” वाटतो. त्याच्या कानावर जे आलं त्यावरून त्याचं मत अगदी योग्य आहे. १९७३ आणि १९७४ यांच्यामध्ये या बँडने घेतलेली उडी त्याला ऐकूच आलेली नाही. ती उडी इतिहासात आहे, पण त्याच्या फोनवर नाही.

क्वीनचे सुरुवातीचे अल्बम असे एकमेकांच्या हातात हात घालून येतात. ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे गाणं पहिल्या अल्बमच्या शेवटी शब्दांविना, अर्धवट आहे. पूर्ण रूपात ते ‘क्वीन टू’च्या शेवटी येतं आणि तेच ब्रिटनमध्ये त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं ठरतं, दहाव्या क्रमांकापर्यंत जातं. त्याच्या अखेरीस समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीचं एक जुनं इंग्रजी लोकप्रिय गाणं सगळे मिळून गाताना ऐकू येतात. आठ महिन्यांनी ‘शीअर हार्ट अटॅक’ येतो, त्याचं पहिलं गाणं ‘ब्रायटन रॉक’. सुरुवातीला जत्रेचा गलका, आणि त्यात कुणीतरी शीळ घालतंय ती त्याच जुन्या गाण्याची चाल. ज्याने आधीचा अल्बम शेवटपर्यंत ऐकला त्यालाच ती खूण कळते. ज्याच्याकडे सुटी गाणी आहेत, त्याच्यासाठी ती नुसती शीळ.

मी स्वतः हे सगळं पहिल्यांदा ऐकलं ते १९८०च्या दशकात पुण्यात, एका मित्राने भरून दिलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. एका बाजूला ‘क्वीन टू’, दुसऱ्या बाजूला ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’. दोन्ही अल्बम चाळीस-त्रेचाळीस मिनिटांचे, म्हणून पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूत बसत. पांढरी बाजू संपून काळी सुरू होण्याआधी मित्राने जाणून सात-आठ सेकंद रिकामे सोडले होते, रेकॉर्ड उलटायला लागतील तेवढे. त्या शांततेची मला इतकी सवय झाली की आजही तो अल्बम सलग वाजला की काहीतरी घाईत झाल्यासारखं वाटतं. कॅसेटवर गाणं ओलांडून पुढे जाणं कटकटीचं होतं. त्यामुळे न आवडणारी गाणीही शंभरदा कानावरून गेली आणि त्यातली काही नंतर आवडू लागली.

‘हॉट स्पेस’बद्दल माझं असंच झालं. १९८२चा हा अल्बम क्वीनच्या चाहत्यांमध्ये आजही नावडता आहे. गिटारवर उभा राहिलेला बँड अचानक नाचाच्या संगीताकडे, फंककडे वळला आणि अमेरिकेतली त्यांची लोकप्रियता तिथपासून उतरणीला लागली. सोळाव्या वर्षी मला तो विश्वासघात वाटला होता. ज्यांनी आपल्या १९७०च्या दशकातल्या अल्बमवर सिंथेसायझर वापरला नसल्याचं अभिमानाने छापलं, त्यांनी हे करावं? चाळिशीत तो परत ऐकला. ‘स्टेइंग पॉवर’मधली आरिफ मार्डिन यांनी बांधलेली ब्रास वाद्यं, मर्क्युरीच्या गळ्यातली उतावीळ लय, ‘लास पालाब्रास दे आमोर’चा हळवेपणा आणि शेवटी डेव्हिड बोवीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’. अल्बम अजूनही सलग चांगला नाही, पहिल्या बाजूची दोन गाणी मला आजही पोकळ वाटतात. पण ती माणसं घाबरून नक्कल करत नव्हती, काहीतरी शोधत होती, हे मला तेव्हा कळलं.

अल्बम तोच होता. बदललो होतो मी. आणि मी बदललोय हे मला समजलं, कारण समोरचं ध्वनिमुद्रण तसूभरही हललं नव्हतं. घराच्या दाराच्या चौकटीवर आपण मुलांच्या उंचीच्या खुणा करतो, तशी ही रेकॉर्ड. दर काही वर्षांनी चौकटच कुणी सरकवत राहिलं, तर पोर किती वाढलं ते कशावरून सांगायचं? उद्या कुणी ‘हॉट स्पेस’ची टोकं घासून, त्यात गिटार वर आणून तो “मूळ क्वीनसारखा” करून दिला आणि लोकांना आवडू लागला, तर त्यात श्रोत्याने काय मिळवलं? अवघड वस्तूजवळ जायला त्याला जी वीस वर्षं लागायची, तीच काढून घेतली जातील.

हे फक्त क्वीनचं दुखणं नाही, आणि नवंही नाही. बीटल्सचे ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ १९६५चे. १९८७मध्ये ते सीडीवर आले तेव्हा निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांचं स्टिरिओ मिक्सिंग नव्याने केलं. तेव्हापासून जगभरात तेच प्रमाण स्टिरिओ रूप झालं. १९६५चं स्टिरिओ मिश्रण सीडीवर मिळायला २००९ साल उजाडावं लागलं, तेही मोनो अल्बमच्या संचात जोडीला दिलेलं. बावीस वर्षांत कितीतरी जणांनी या दोन अल्बमबद्दल लेख लिहिले, पुस्तकं लिहिली. आपण जे ऐकतोय ते १९६५चं नाही, हे त्यातल्या किती वाचकांना माहीत होतं? ऑझी ऑझबर्नच्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’ या दोन अल्बमवर तर २००२च्या आवृत्तीत बॉब डेझली आणि ली केर्सलेक यांचे मूळ बास आणि ड्रम पुसून दुसऱ्या वादकांकडून वाजवून घेतले गेले. या दोघांशी हक्कांचे आणि पैशांचे वाद चालू होते. चाहत्यांनी आरडाओरडा केला आणि २०११मध्ये मूळ वादन परत आलं. नऊ वर्षं मात्र दुकानात नव्याने मिळत होता तो अल्बम त्या माणसांचा नव्हताच. पिंक फ्लॉइडने ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’ पुन्हा मिसळताना निक मेसनकडून नव्याने ड्रम वाजवून घेतले आणि रिचर्ड राइटचं कीबोर्डवादन वाढवलं. हेतू चांगला होता. १९८७च्या मूळ अल्बममध्ये या दोघांचा सहभाग फार थोडा होता, आणि तो कमीपणा भरून काढायचा होता. पण तो कमीपणा हेच त्या अल्बमचं सत्य आहे. रॉजर वॉटर्स बँड सोडून गेल्यावर तो किती विस्कळीत होता, ते त्या पोकळीतच ऐकू येतं.

मराठी वाचकाला हा अनुभव वेगळ्या रस्त्याने ओळखीचा आहे. झंकार बीट्सच्या कॅसेटी आठवतात का? जुन्या हिंदी गाण्यांवर इलेक्ट्रॉनिक ठेका चढवून त्या विकल्या जात. रिक्षात, एसटी थांब्यावर, लग्नाच्या मांडवात तेच वाजे. माझ्या पाहण्यात अशी माणसं आहेत ज्यांनी काही गाणी आधी झंकारातच ऐकली, आणि पुढे मूळ गाणं कानावर पडलं तेव्हा त्यांना ते रिकामं वाटलं. ती कॅसेट निदान आपल्या वेष्टनावर स्वतःचं नाव सांगत होती.

आता धोका वाढलाय तो दोन कारणांनी. पहिलं तंत्राचं. एकदा कालवलेला भात वेगळा करता येत नाही, हे ध्वनिमुद्रणाचं जुनं संरक्षण होतं. सगळे आवाज मिसळून दोन ट्रॅकवर आले की ते तसेच राहायचे. ज्यांच्या सुट्या टेप हरवल्या, त्या गाण्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. ते आता उरलं नाही. २०२२मध्ये बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ नव्याने मिसळताना एकाच ट्रॅकवर एकत्र भरलेले आवाज संगणकाने वेगळे केले गेले. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचंच ‘नाऊ अँड देन’ आलं, त्यात जॉन लेननचा आवाज घरगुती कॅसेटवरच्या पियानोपासून असाच सोडवलेला होता. त्या गाण्याने मलाही हेलावून टाकलं, हे मान्य करतो. पण ज्या हत्याराने मेलेल्या माणसाचा गळा इतका स्वच्छ उचलता येतो, ते हत्यार आता कोणत्याही जुन्या रेकॉर्डवर चालेल. थांबायचं कुठे, हे हत्यार सांगत नाही.

दुसरं कारण मालकीचं. २०२४मध्ये क्वीनच्या संगीताचे हक्क सोनी कंपनीने सुमारे १ अब्ज पौंडांना घेतल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी पिंक फ्लॉइडचे ध्वनिमुद्रणांचे हक्कही त्याच कंपनीकडे गेले, सुमारे ४० कोटी डॉलरना. एवढी रक्कम गुंतवणाऱ्याला ती वसूल करायची असते, यात गैर काही नाही. पण ज्या चाहत्याकडे अल्बम आधीच आहे, त्याला तो परत कसा विकायचा? नवं मिश्रण, नवं वेष्टन, नवा संच, हाच मार्ग राहतो. १९९१मध्ये अमेरिकेत क्वीनचे अल्बम नव्याने काढताना त्यांच्या शेपटाला इतरांनी केलेली नवी मिश्रणं जोडली गेली होतीच. त्या जोडण्या जुन्या गाण्यांच्या मागे होत्या, त्यांच्या जागी नव्हत्या. २०२४च्या ‘क्वीन वन’च्या मोठ्या संचात सहा सीडी आणि एक रेकॉर्ड आहे. नवं मिश्रण, डी लेन लीचे नमुने, स्टुडिओतले वेगवेगळे टेक, गायनाशिवायची वादनं, बीबीसीवरची मुद्रणं, जाहीर कार्यक्रम, सगळं आहे. १९७३मध्ये लोकांनी विकत घेतलेलं मिश्रण तेवढं नाही.

ते आज नष्ट झालेलं नाही, हे मी आवर्जून सांगतो. २०११ची आवृत्ती मिळते, जुन्या रेकॉर्डी बाजारात आहेत. माझी भीती आजची नाही. ऐकायला मिळण्याचं ठिकाण हळूहळू एकच होतंय, आणि तिथे अल्बम आपल्या कपाटात नसतो, दुसऱ्याच्या यंत्रावर असतो. तिथली वस्तू बदलली तर आपल्याला कळवण्याची पद्धत नाही. शोधल्यावर जे पहिलं समोर येतं, तेच पुढच्या पिढीसाठी मूळ होतं. २०२३मध्ये लहान मुलांसाठीच्या एका श्राव्य उपकरणावर क्वीनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ आला, त्यातून ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ वगळलेलं होतं. मुलांसाठी म्हणून केलेली ती निवड मला समजते. शिवाय संग्रहाचं रूप देशागणिक वेगळं असणं जुनंच आहे. १९८१मध्येही अमेरिकेतल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’वर वेगळी गाणी होती. खटकतं ते एवढंच की आतला ऐवज बदलला तरी मुखपृष्ठ आणि नाव तेच राहतं.

या ‘ग्रेटेस्ट हिट्स’बद्दल बोलायलाच हवं, कारण चाहत्यांची मतं बिघडवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच. २०२२मध्ये तो ७० लाखांचा टप्पा ओलांडणारा तिथला पहिला अल्बम ठरला. बहुतेक लोक क्वीनला ओळखतात ते या एका दारातून. त्या दारातून दिसणारा बँड टाळ्या-पायांचा ठेका धरणारा, मैदान डोक्यावर घेणारा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ त्यात पहिलंच गाणं आहे, कोणत्याही पूर्वतयारीविना. १९७५च्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’वर तेच गाणं जवळजवळ शेवटी येतं. त्याआधी आठ मिनिटांहून मोठं ‘द प्रॉफेट्स साँग’ असतं, ज्यात मर्क्युरीचा एकटा आवाज प्रतिध्वनींच्या साखळीत स्वतःशीच झुंजतो. ते हळुवारपणे ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मध्ये उतरतं. मग ‘गुड कंपनी’, जिथे मे यांनी नुसत्या गिटारमधून अख्खा जुना जॅझ वाद्यवृंद उभा केला आहे. एवढ्या मुखवट्यांनंतर ऑपेराचा तुकडा येतो तेव्हा तो विक्षिप्तपणा वाटत नाही, अल्बमभर चाललेल्या खेळाची ती परिणती असते. आणि त्यानंतर गिटारवरचं राष्ट्रगीत, नाटक संपल्यावर पडदा पडावा तसं. हे सगळं काढून गाणं एकटं उभं केलं की उरतो तो एक चमत्कार, आणि चमत्काराबद्दल लोक मत बनवत नाहीत, टाळ्या वाजवतात.

क्वीनवरच्या २०१८च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपटाने ही चौकट आणखी आवळली. त्यात १९७०च्या दशकाच्या मध्यावरच्या अमेरिकेच्या दौऱ्यात बँड ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ वाजवताना दिसतो, जे १९७८च्या ‘जॅझ’ अल्बमवरचं गाणं आहे. ‘वी विल रॉक यू’ १९७७चं, ते पडद्यावर १९८०मध्ये जन्माला येतं. चित्रपटाला तेवढी मोकळीक असते, असं म्हणतात. पण ज्याला अल्बमांचा क्रमच माहीत नाही, त्याला कोणतं गाणं कशाच्या पोटातून आलं हे कसं कळणार? तो चित्रपट पाहून पाचगणीला जाणारे, तिथल्या सेंट पीटर्स शाळेसमोर फोटो काढणारे मला भेटतात. फारुख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, त्या शाळेत शिकला, तिथेच मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवू लागला, हे खरं आहे आणि सातारा जिल्ह्याने त्याचा आनंद मानावा. पण त्या फोटोबरोबर एखादा पूर्ण अल्बम ऐकला जातो का? मर्क्युरीला आपला म्हणणं सोपं आहे. त्याची काळी बाजू वीस मिनिटं सलग ऐकायला वेळ द्यावा लागतो.

१९९५चा ‘मेड इन हेवन’ मी या सगळ्यात वेगळा धरतो. मर्क्युरी १९९१च्या २४ नोव्हेंबरला गेला. त्याने मागे ठेवलेल्या गायनाभोवती तिघांनी तो अल्बम उभारला. ‘मदर लव्ह’चं शेवटचं कडवं गायला तो परत येऊ शकला नाही, म्हणून ते मे यांच्या आवाजात आहे. हा सांधा कुणी लपवला नाही, उलट त्या सांध्यामुळेच ते गाणं ऐकताना घशात आवंढा येतो. नवी वस्तू नव्या नावाने आली, जुन्या कशाची जागा तिने घेतली नाही. जिवंत कलावंतांनी आपल्या भूतकाळाशी कसं वागावं, याचं उत्तर या चौघांपैकी तिघांनी तीस वर्षांपूर्वीच दिलं होतं.

मागणं फार मोठं नाही. नवं मिश्रण काढलं तर जुनंही त्याच संचात, त्याच पानावर ठेवा. कोणतं मिश्रण कोणत्या वर्षाचं, कुणी केलं, हे नावाशेजारी लिहा. चित्राचं पुनर्लेपन होतं तेव्हा संग्रहालयं त्याची नोंद ठेवतात, गाण्याला तेवढा मान का नसावा? आणि आपण चाहत्यांनी एखाद्या अल्बमला थोर किंवा टाकाऊ म्हणण्याआधी आपण नेमकं काय ऐकलं ते सांगायची सवय लावून घ्यावी. नवी आवृत्ती आली की “आता खरा आवाज मिळाला” असं म्हणत धावणारे आपणच असतो, आणि कंपन्यांना नेमकं तेच ऐकू जातं.

भाचा परतीच्या गाडीला निघण्याआधी मी त्याला १९७३चा ‘क्वीन’ लावून दिला, सलग, सुरुवातीपासून. तो सोफ्यावर पाय वर घेऊन बसला. ‘माय फेअरी किंग’पर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, “ड्रम खरंच वाईट आहेत रे मामा.” मी बाजू उलटली. सगळं संपून शेवटचं अर्धवट ‘सेव्हन सीज’ विरत गेलं, तेव्हा त्याने विचारलं, “हे असं मध्येच का सोडलंय?” मी उठून कपाटातून ‘क्वीन टू’ काढला. त्याची गाडी सहाची होती. त्याने फोन काढून साडेआठच्या गाडीत जागा आहे का ते पाहिलं.